रझा काय गॅलरीवाला होता का?

दादा, दुसऱ्याच्या धर्मातलं चिन्ह उचलून चित्र काढणं हे शहरी गॅलरीवाल्यांचं फॅड, हे तुमचं म्हणणं मले काही पटलं नाही. सय्यद हैदर रझाच घ्या, १९२२ चा जन्म, मंडला जिल्ह्यातल्या खेड्यातला माणूस, चित्रकला शिकला आपल्या नागपूरच्या आर्ट स्कूलमंदी, पुढं पॅरिसले गेला अन् तिथं राहून हिंदू परंपरेतला बिंदू रंगवत बसला, कॅनव्हासवर देवनागरीत ओळी लिहायचा, अन् २०१६ मंदी गेला तं वडिलांच्या कबरीशेजारीच मातीत गेला. त्याचा तो बिंदू म्हणजे शाळेत मास्तरनं भिंतीवर काढून दिलेला ठिपका, पोराचं ध्यान लागत नव्हतं म्हणून (आमच्या मास्तरनं तं निस्ती छडी दिली). बडोद्याचा चित्रकार गुलाममोहम्मद शेख, त्याच्या चित्रात कबीर येते, ख्रिश्चन संत पण येते.

बरं ते मोठे लोक सोडा. आमच्या गावचा पेंटर मारोतीले शेंदरी देते, विहाराच्या भिंतीवर निळं चक्र काढते, मोहरमच्या सवारीच्या वक्ती हिरवा डबा फोडते. ब्रश तोच, घासलेटात बुडवून पायजम्याले पुसलेला. त्याले कोणी विचारलं नाही अजून, तू कोणाचा म्हणून. उधारी मात्र तिघांकडंही बाकी हाय.