थेम्सवर बोट, सोबत कुत्रा, महिना ऑक्टोबर : अनुभव धागा

लंडनजवळच्या टेडिंग्टनच्या वरच्या, भरती-ओहोटी नसलेल्या थेम्सवर दिवसभराची बोट भाड्याने घेऊन कुत्र्याला नेलं असेल तर इथे लिहा. फोटो दुसऱ्या धाग्यावर, इथे फक्त कामाचं.

रेडिंगहून :
आधी वेळेचं गणित. वेगमर्यादा ताशी 8 किमी, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतकीच. प्रत्येक लॉकला (दोन्हीकडे दारं असलेला हौद, त्यात पाणी वर-खाली करून बोट पुढच्या पातळीवर नेतात) 15-20 मिनिटं धरा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे गेली की साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणून सकाळी प्रवाहाविरुद्ध निघा, येताना प्रवाह मदतीला येतो. काठाला लागताना बोटीचं नाक कायम प्रवाहाकडे. लॉकवर पिवळा फलक दिसला तर पाण्याचा जोर वाढतोय किंवा उतरतोय. लाल असेल तर भाड्याचे पैसे गेले म्हणा आणि बोट बांधून ठेवा.

ऑक्सफर्डहून :
कुत्र्याला सगळ्यात जास्त धोका लॉकमध्ये. इंजिन बंद करायचं, पुढचा आणि मागचा असे दोन्ही दोर काठावरच्या खुंटाला नुसते फिरवून टोक हातात धरायचं. गाठ मारली की पाणी उतरताना बोट दोराला लटकते. पट्ट्याचंही तेच. बोटीच्या कठड्याला पट्टा बांधला आणि कुत्र्याने घाबरून काठावर उडी मारली, तर बोट खाली जाते आणि फास त्याच्या गळ्याला बसतो. खाली उतरताना मागच्या दाराजवळ पाण्याखाली सिमेंटचा उंबरठा असतो, बोट त्याच्या पुढेच ठेवा.

धागाकर्ती :
दोघंच असू तर? दोन दोरांना दोन माणसं, मग कुत्रा कोण धरणार?

ऑक्सफर्डहून :
कोणीच नाही. केबिनमध्ये घालून दार लावायचं. उघडी बोट असेल तर तिसरा माणूस हवाच.

किंग्स्टनहून :
कुत्र्याचं लाइफजॅकेट पाठीवर मूठ असलेलंच घ्या, नारिंगी किंवा पिवळं. तपकिरी पानांत तपकिरी कुत्रा दिसत नाही. जॅकेटच्या पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकंच सैल. घरी मुठीला धरून उचलून बघा, पुढचे पाय निसटले तर माप चुकलंय. पाण्यात पडला तर पहिलं काम गिअर न्यूट्रलला, कारण बोटीच्या मागे पंखा फिरत असतो. मग मुठीला धरून वर घ्या, गळपट्ट्याला नाही. आणि हो, फायबरच्या डेकवर ओली पानं साबणासारखी होतात. घरातलं जुनं रबरी पायपुसणं टाका, त्याहून चांगला उपाय बाजारात मिळत नाही.

मेडनहेडहून :
पानांचा दुसरा त्रास इंजिनाला. आउटबोर्डमधून (बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन) पाण्याची बारीक धार पडत असते. ती थांबली तर खालच्या जाळीवर पानं चिकटलीत, इंजिन तापण्याआधी बंद करा. धार नीट आहे, आवाज वाढतोय पण वेग नाही, तर पंख्यात काहीतरी गुंतलंय. क्षणभर रिव्हर्स द्या. नाही सुटलं तर किल्ली खिशात टाकून मगच हात घाला.
थंडी म्हणून ताडपत्री चारी बाजूंनी बंद करून इंजिन चालू ठेवू नका. धुराचा कार्बन मोनॉक्साइड आत साचतो, त्याला वास नसतो.

ऑक्सफर्डहून :
दिवाळीच्या दिवसांत जाणाऱ्यांनी डबे तपासा. लाडवातले मनुके, कांदा घातलेलं काहीही, चॉकलेट, तिन्ही कुत्र्याला विषारी. मनुक्यांचं तर किती खाल्ले की बाधेल याचा नेमच नाही, एक लाडू गेला तरी लगेच व्हेटला फोन. काठावर उतरलात की हॉर्स चेस्टनटची तपकिरी चकचकीत फळं आणि ओकची फळं पडलेली असतात, चेंडू समजून चावतात, आणि तीही बाधतात. तेवढ्यापुरता पट्टा आखूड धरा.