एप्रिलमधलं बाळसं की नुसती सूज? मेजर लीग बेसबॉलच्या सुरुवातीच्या निकालांवर किती विसंबायचं?

तिसरा_बेस

मार्चअखेरीस मोसम सुरू होतो आणि वीस-पंचवीस सामने झाले की निकाल लावून लोक मोकळे होतात. हा संघ वर्ल्ड सिरीजला (अंतिम विजेतेपदाच्या मालिकेला) जाणार, त्या संघाचं काही खरं नाही, मॅनेजर बदला. माझं मत ठाम आहे: मेअखेरीपर्यंत गुणतक्त्यावरून कुठल्याच संघाबद्दल काही ठरवू नये.

२०२३ मध्ये पायरेट्स एप्रिलअखेरीस २०-९ (२० विजय, ९ पराभव) होते. मोसम संपला तेव्हा ७६-८६. त्याच वर्षी रेजनी पहिले १३ सामने ओळीने जिंकून १९८२ चे ब्रेव्ह्ज आणि १९८७ चे ब्रूअर्स यांच्या विक्रमाशी बरोबरी केली. ऑक्टोबरमध्ये, मोसमानंतरच्या बाद फेरीत, त्याच रेजना रेंजर्सनी त्यांच्याच घरी सलग दोन सामन्यांत बाहेर काढलं, दोन सामन्यांत मिळून रेजची धाव एकच. उलट २०१९ चे नॅशनल्स बघा. १९-३१ वरून ९३-६९ पर्यंत आले आणि वर्ल्ड सिरीज जिंकले.

पण 'थांबा आणि बघा' हे काही उत्तर झालं नाही. वीस-पंचवीस सामन्यांनंतर नेमके कोणते आकडे विश्वासाचे असतात? बाळसं कोणतं आणि सूज कोणती, हे ओळखायचं कसं? आकडेमोडीसकट सांगितलंत तर बरं.

---

बॉक्सस्कोअर

आधी नशिबाचा वाटा किती ते मोजू. प्रत्येक सामना नाणेफेकीसारखा ५०-५० आहे असं धरा. अशा अगदी मध्यम संघाने २० पैकी १३ किंवा जास्त सामने जिंकण्याची शक्यता १३ टक्के आहे. मेजर लीगमध्ये संघ ३०. म्हणजे सगळे संघ अगदी सारखे असते तरी त्यांतले चारेक संघ एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात १३-७ किंवा त्याहून वर दिसलेच असते, आणि तितकेच ७-१३ किंवा खाली. २० सामन्यांत नुसत्या योगायोगाने सव्वादोन विजय इकडे-तिकडे होतात. त्यामुळे १२-८ आणि ८-१२ या दोन संघांत खरा फरक आहे, असं या टप्प्यावर छातीठोकपणे कुणालाच म्हणता येणार नाही.

मग नोंद कशी वाचायची? सोपी रीत अशी: संघाच्या खऱ्या नोंदीत ५०-५० चे साधारण ७० काल्पनिक सामने मिसळायचे. १५-५ असलेला संघ घ्या. १५ मध्ये ३५ मिळवले की ५०. एकूण सामने ९०. ५० भागिले ९० म्हणजे ५५.६ टक्के. मोसमाच्या १६२ पैकी उरलेल्या १४२ सामन्यांना हा दर लावला की ७९ विजय, अधिक हातातले १५, म्हणजे ९४. तसाच ५-१५ चा संघ ६८ वर येतो. १५-५ चा दर तसाच १६२ सामन्यांना लावला तर १२१ विजय येतात, आणि तेवढे आजवर कुणीच मिळवलेले नाहीत. मोसमाआधी संघाबद्दलचा तुमचा अंदाज ५० टक्क्यांपेक्षा वेगळा असेल तर ३५ ऐवजी त्या अंदाजाने ७० पैकी जितके विजय येतील तो आकडा घाला. बलाढ्य डॉजर्सना आणि दुबळ्या रॉकीजना एकाच मापाने मोजण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे धावांचा फरक. केलेल्या धावांचा वर्ग भागिले (केलेल्या धावांचा वर्ग अधिक दिलेल्या धावांचा वर्ग), हे पायथागोरस सूत्र बहुतेकांना ठाऊक आहे. १०४ धावा केल्या आणि ९८ दिल्या तर ५३ टक्के, म्हणजे २० सामन्यांत साडेदहा विजय. संघ प्रत्यक्षात १४-६ असेल तर वरचे साडेतीन विजय कुठून आले ते शोधा. बहुतेक वेळा ते एका धावेने जिंकलेले सामने असतात, आणि ते कौशल्य म्हणून टिकत नाही. २०१२ मध्ये ओरिओल्स अशा सामन्यांत २९-९ होते. पुढच्याच वर्षी २०-३१.

मात्र एप्रिलमध्ये हे सूत्रही फसवतं, आणि याचं २०२५ च्या ब्रूअर्सइतकं चांगलं उदाहरण नाही. २९ मार्चला यँकी स्टेडियममध्ये त्यांचा पिचर (चेंडू टाकणारा) नेस्टर कोर्टेस याच्या पहिल्या तीन चेंडूंवर यँकीजच्या गोल्डश्मिट, बेलिंजर आणि जज यांनी ओळीने तीन होमरन (थेट कुंपणापलीकडचे फटके) मारले. दिवसभरात यँकीजचे नऊ होमरन, सामना २०-९ धावांनी त्यांचा. पहिल्या चार सामन्यांत ब्रूअर्सनी ४७ धावा दिल्या, केल्या फक्त १५. सूत्रात घाला: ९ टक्के, म्हणजे १६२ सामन्यांत १५ विजय! तो संघ ९७-६५ वर थांबला, त्या वर्षीची अमेरिकन आणि नॅशनल अशा दोन्ही लीगमधली सर्वोत्तम नोंद. म्हणून सुरुवातीला धावांचा फरक काढताना कोणताही सामना जास्तीत जास्त पाच-सहा धावांचाच धरावा. आठ धावांनी मागे पडलेला संघ पिचर नसलेल्या इनफिल्डरलाही पिचिंग करायला उभा करू शकतो. त्यानंतर पडलेल्या धावा कुठल्याच संघाची ताकद सांगत नाहीत.

---

डगआऊट

आकडेमोड मान्य, पण 'मेअखेरीपर्यंत काही ठरवू नये' हे अजिबात पटत नाही. एप्रिलमधला विजय भविष्य सांगत नसेल, पण पदरात पडलेला असतो, तो कुणी परत घेत नाही.

१९८४ चे टायगर्स ३५-५ होते. पुढच्या १२२ सामन्यांत ते ६९-५३, म्हणजे साडेछप्पन टक्के. चांगला संघ, पण त्या वेगाने बघितलं तर असामान्य नाही. तरीही १०४ विजय झाले आणि वर्ल्ड सिरीजही त्यांनीच जिंकली. बॉक्सस्कोअर यांच्या रीतीनेही तेच दिसतं. १५-५ चा अंदाज ९४ येतो तो खालचा दर लावूनच, तरी तो आधीच्या ८१ पेक्षा तेराने वर आहे!

आणि एका सामन्याची किंमत काय असते ते गेल्या काही वर्षांतच दिसलं. २०२४ मध्ये मेट्स, ब्रेव्ह्ज आणि डायमंडबॅक्स तिघेही ८९-७३ वर संपले. आपसातल्या नोंदीवर डायमंडबॅक्स बाद फेरीबाहेर. २०२५ मध्ये मेट्स आणि रेड्स दोघेही ८३-७९, या वेळी मेट्स बाहेर. तेच मेट्स जूनच्या मध्यावर ४५-२४ होते, नंतर ३८-५५. तेव्हा सुरुवातीची नोंद खोटी होती असं म्हणणाऱ्यांनी हेही बघावं, की तिच्यामुळेच ते शेवटच्या दिवसापर्यंत शर्यतीत तरी राहिले.

सुरुवातीला पडलेला खड्डा किती खोल समजायचा, हे त्या काळच्या नियमांवरही ठरतं. १९८७ चे ब्रूअर्स १३-० आणि पुढे २०-३ होते, मग मे महिन्यात सलग १२ हरले. ९१ विजय मिळवून डिव्हिजनमध्ये (लीगमधल्या आपल्या गटात) तिसरे आले आणि घरी बसले, कारण तेव्हा प्रत्येक लीगमधून दोनच डिव्हिजन-विजेते पुढे जात. त्याच वर्षी दुसऱ्या डिव्हिजनमधले ट्विन्स ८५ विजयांवर पुढे जाऊन वर्ल्ड सिरीज जिंकले. २०२२ पासून प्रत्येक लीगमधून सहा संघ जातात. त्यामुळे ०-५ ने सुरुवात करून २०२४ चे मेट्स नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेपर्यंत पोचू शकले.

---

डावखुरा

दोघांचंही बरोबर आहे, पण मुख्य मुद्दा राहिला: स्टार्टर, म्हणजे सामन्याची सुरुवात करणारा पिचर. सुरुवातीची नोंद कितपत टिकणार हे ज्या पाच जणांच्या खांद्यांवर आणि कोपरांवर ठरतं, त्यांच्याकडे आधी बघा.

२०२३ च्या रेजचीच गोष्ट. पहिले नऊ विजय टायगर्स, नॅशनल्स आणि अ‍ॅथलेटिक्सविरुद्धचे, तेव्हाचे दुबळे संघ. पण रेजनी ते नऊच्या नऊ सामने चार किंवा जास्त धावांनी जिंकले होते, त्यामुळे ही निव्वळ सूज म्हणता येणार नाही. तेराव्या विजयाच्या दिवशीच जेफ्री स्प्रिंग्ज कोपर धरून बाहेर गेला. मेमध्ये ड्रू रासमुसेन गेला, ऑगस्टमध्ये शेन मॅकक्लॅनहन. एका मोसमात तीन स्टार्टर! तरीही उरलेल्या १४९ सामन्यांत संघ ८६-६३ होता आणि ९९ विजयांवर संपला, अमेरिकन लीगमध्ये त्यांच्यापुढे फक्त १०१ विजयांचे ओरिओल्स. माझ्या मते रेजची सुरुवात खरीच होती, ती करणारे हात उरले नाहीत.

एप्रिलमध्ये बघायच्या गोष्टी अशा. स्टार्टरची फास्टबॉल किती वेगाने येते ते बेसबॉल सॅव्हंट या आकडेवारीच्या संकेतस्थळावर मिळतं, पण तुलना त्याच पिचरच्या गेल्या एप्रिलशी करा, गेल्या सप्टेंबरशी नाही. थंडीत आणि मोसमाच्या तोंडाला बहुतेकांचा वेग थोडा कमीच असतो. सलग तीन सामन्यांत ताशी दीड मैलाहून जास्त घट आणि सोबत चेंडू सोडण्याची जागा खाली सरकलेली, असं एकत्र दिसलं तर त्या पिचरचा ईआरए (दर नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर लागणाऱ्या धावा) दीड असला तरी काळजी करा.

ईआरए तर पाच सामन्यांत बघूच नका. मैदानात गेलेल्या चेंडूंपैकी साधारण २९ ते ३० टक्के हिट (बॅटरला बेस मिळवून देणारे फटके) होतात. कुणाचे २१ टक्केच होत असतील तर ते फिल्डर आणि नशीब. बेसवर आलेल्यांपैकी शंभरातले ७२ च्या आसपास धाव न घेता अडकतात, ९० अडकत असतील तर तेही टिकणार नाही. त्याऐवजी स्ट्राइकआऊटच्या (तीन स्ट्राइकवर बाद) टक्केवारीतून वॉकची (चार बॉलवर फुकट बेस) टक्केवारी वजा करा. ती २० च्या पुढे असेल तर पिचर खरोखर चांगला चाललाय, १० च्या खाली असेल तर कमी ईआरएवर हुरळून जाऊ नका.

आणखी एक. एप्रिलमध्ये सुट्ट्या जास्त असतात, पावसाने सामने पुढे जातात, त्यामुळे पाचव्या स्टार्टरची पाळी टाळता येते. मे-जूनमध्ये सुट्ट्या कमी होतात आणि मग पाचवा, सहावा, सातवा पिचर कोण हे उघडं पडतं. सुरुवात चांगली झालेल्या संघाकडे ही खालची फळी नसेल तर मी तरी त्याच्यावर पैज लावणार नाही. ब्रूअर्सनी २०२५ मध्ये हे ओळखलं होतं. दुखापतींनी रोटेशन (स्टार्टरांची पाळी) खिळखिळं होताच ७ एप्रिलला रेड सॉक्सकडून क्विन प्रीस्टरला आणलं, त्याच्या नावावर १३ विजय आणि ३ पराभव लागले.

---

तिसरा_बेस

रेजबद्दलचं पटलं, माझं उदाहरण अर्धवट होतं. पदरात पडलेल्या विजयांचा मुद्दाही मान्य. आता बॅटिंगचं सांगा. पंचवीस सामन्यांनंतर एखादा नावाजलेला बॅटर .१८२ सरासरीवर असतो तेव्हा लोक त्याला बसवायला निघतात. ते कधी बरोबर असतं?

---

काउंट_तीन_दोन

फार क्वचित. पंचवीस सामन्यांत रोज खेळणाऱ्याला साधारण १०० वेळा बॅटिंग मिळते. वॉक वगैरे वगळून ८८ अ‍ॅट-बॅट धरा. १६ हिट म्हणजे .१८२, आणि २१ हिट म्हणजे .२३९. महिन्याभरात पाच हिटचा फरक! शॉर्टस्टॉपच्या डोक्यावरून पडलेले दोन फुसके चेंडू, फाऊल लाइनच्या आत पडलेला एक, सेंटरफिल्डरने सूर मारून पकडलेले दोन, झाले पाच. बॅटिंगची सरासरी स्थिरावायला एक अख्खा मोसमही पुरत नाही.

स्ट्राइकआऊटचं प्रमाण मात्र ६० च्या आसपास वेळा बॅटिंग केल्यावरच बोलू लागतं, वॉकचं १२० च्या आसपास. त्यामुळे .१८२ वाल्याचे स्ट्राइकआऊट नेहमीइतकेच असतील आणि चेंडू बॅटवरून जोरात निघत असेल तर त्याला रोज खेळवा. पण एरवी २० टक्के असणारे स्ट्राइकआऊट ३२ टक्क्यांवर गेले असतील, त्यातही प्लेटच्या मधोमध आलेल्या फास्टबॉल सुटत असतील, तर काहीतरी खरंच बिघडलंय. मनगट दुखत असेल, नजर असेल, किंवा स्विंगमध्ये केलेला बदल अंगवळणी पडला नसेल.

हवेचा हिशोब विसरू नका. थंड हवा दाट असते. तापमान दहा अंश फॅरनहाइटने उतरलं की तोच उंच फटका साधारण तीन फूट अलीकडे पडतो. ४५ अंशांतल्या रात्री कुंपणालगतच्या वॉर्निंग ट्रॅकवर पकडला गेलेला चेंडू जुलैत ८५ अंशांना बारा फूट पुढे, म्हणजे कुंपणापलीकडे जाऊ शकतो. शिकागोच्या रिग्ली फील्डवर वसंतात तळ्याकडून आत येणारा वारा असतो, तो वेगळाच. याउलट एखादा संघ पहिला महिना छताखाली आणि उबदार गावांत खेळला असेल तर त्याचे होमरन थोडे कमी करूनच मोजा. २०२५ मध्ये यँकीजनी पहिल्या तीन सामन्यांत १५ होमरन मारले आणि सगळे टॉर्पेडो बॅटवर (मधे जाड, टोकाला निमुळती) बोलू लागले. त्या सामन्यांत मोठे फटके मारणाऱ्या जजच्या हातात नेहमीचीच बॅट होती, हे कुणी बघितलंच नाही.

---

सातवी_इनिंग

बुलपेनबद्दल, म्हणजे स्टार्टरनंतर येणाऱ्या पिचरांबद्दल (रिलीव्हर), कुणी लिहिलं नाही म्हणून भर घालतो. संघ १६-९ असेल तर त्याचे तीन मुख्य रिलीव्हर किती वेळा उतरले ते मोजा. पंचवीस सामन्यांत कुणी १४ वेळा आला असेल तर त्या वेगाने १६२ सामन्यांत ९० होतात, आणि हल्ली कुणीही तितके खेळत नाही. याचं कारण बहुतेक वेळा स्टार्टर पाचव्या इनिंगच्या पुढे जात नाहीत हे असतं. असे संघ एप्रिलमध्ये ४-३, ५-४ असे जिंकतात आणि जूनमध्ये तेच सामने आठव्या इनिंगमध्ये हरतात. सलग दोन दिवस आणि तीन दिवसांत तीनदा किती वेळा वापरलं, तेही वेगळं मोजा.

मॅनेजर बदलण्याबद्दल: २०२२ मध्ये फिलीजनी २२-२९ वर जो जिरार्डीला काढलं, रॉब थॉमसनकडे संघ दिला आणि उरलेल्या मोसमात ६५-४६ करून वर्ल्ड सिरीज गाठली. हे उदाहरण दरवर्षी दिलं जातं. पण ५१ सामन्यांनंतरही फिलीजचा धावांचा फरक नोंदीपेक्षा बरा होता, संघ मुळात २२-२९ चा नव्हताच. मॅनेजर बदला म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या संघाचा तो फरक काढावा, मोठे सामने बॉक्सस्कोअर यांनी सांगितलं तसे पाच-सहा धावांवर कापून. तोही उणेच आला तर प्रश्न मॅनेजरचा नाही, रोस्टरवरच्या २६ जणांचा आहे, आणि त्यावर इलाज जुलैअखेरच्या ट्रेडच्या (खेळाडूंच्या अदलाबदलीच्या) मुदतीआधीच करावा लागतो.