आयबीएस : पोटाने श्वास घेतला की पोट उलट फुगतं, काय चुकतंय?

ओवाशोपा :
आयबीएसचं (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतड्यांच्या कामातला बिघाड) निदान झालंय, तपासण्या नॉर्मल. "टेन्शन घेऊ नका" एवढाच सल्ला मिळाला. सकाळी ऑफिसला निघेपर्यंत तीन-चारदा शौचाला जावं लागतं. पोटाने श्वास घेऊन पाहिला तर पोट फुगतं, ढेकरा येतात. कपालभाती करू का?

सावकाश :
ढेकरा म्हणजे हवा गिळली जातेय. शिवाय "पोटाने श्वास" म्हटलं की बरेचजण पोट जोर लावून पुढे ढकलतात. ते करायचं नाही.

पाठीवर झोपा, गुडघे वाकवून. एक हात छातीवर, एक बेंबीवर. ओठ मिटलेले. नाकाने 4 आकडे मोजत श्वास घ्या, नेहमीएवढाच, छाती भरून नको. 6 मोजत सोडा. मध्ये रोखायचा नाही. छातीवरचा हात जवळजवळ स्थिर राहिला पाहिजे. मिनिटाला सहा श्वास होतात. 10 मिनिटं, दिवसातून दोनदा. 4-6 जड जात असेल तर 3-4 ने सुरू करा. चक्कर आली किंवा बोटांना मुंग्या आल्या तर श्वास गरजेपेक्षा मोठा होतोय, लहान करा.

कपालभाती यासाठी नको. त्यात पोटाला झटके बसतात आणि श्वास जलद होतो; आपल्याला नेमकं उलटं हवंय. ॲसिडिटी किंवा हर्निया असेल तर नकोच. न रोखता अनुलोम-विलोम चालेल.

मोठंआतडं :
सकाळचं गणितही बघा. जठरात काही पडलं की मोठं आतडं पुढे ढकलायला लागतं आणि सकाळी ते जास्तच जागं असतं. ताण आला की मेंदूत सीआरएच हे ताणाचं संप्रेरक सुटतं, त्याने जठर मंदावतं आणि मोठं आतडं पळतं. वर कॉफी! हे सगळं वीस मिनिटांत कोंबलं की घाई होणारच. अर्धा तास आधी उठा : आधी श्वास, मग नाश्ता, मग निवांत एकदा बसणं. कळ आल्यावर श्वास सुरू केला तर फारसं हाती लागत नाही आणि लोक आठवड्यात सोडून देतात. चार-सहा आठवडे रोज करा.

ओवाशोपा :
जेवणानंतर केलं तर?

सावकाश :
बसून करा, आडवं पडून नको. अन्ननलिकेच्या खालच्या तोंडाला श्वासपटलाचा वेढा असतो, त्यामुळे आंबट वर येणाऱ्यांनाही याचा फायदा होतो.

निदानआधी :
एवढ्याने भागलं नाही तर पोटासाठीचं संमोहन हा खरा उपचार आहे, जादूटोणा नव्हे. मँचेस्टरच्या पीटर व्हॉरवेल यांनी 1984 मध्ये 30 रुग्णांवरची चाचणी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापली होती. सीबीटीचाही (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी मानसोपचार पद्धत) उपयोग होतो. मात्र शौचातून रक्त, कारणाशिवाय वजन घटणं, रक्त कमी होणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, यांपैकी काहीही असेल तर आधी पोटाच्या डॉक्टरांकडे जा.

मोठंआतडं :
आणि ऑफिसात करताना पट्टा एक भोक सैल. आवळलेल्या पोटाने हा श्वास जमत नाही.