जुन्या मियाटाचा दुसरा गिअर अडतोय? आधी गिअर ऑइल बदला

ॲनआर्बरकर
मिशिगनमध्ये थंडी सुरू झाली की जुन्या मियाटावाल्यांची (मियाटा म्हणजे मझदाची छोटी दोन सीटची स्पोर्ट्स कार) एकच तक्रार: सकाळी पहिल्यावरून दुसरा पडत नाही, जोर केला की खर्रकन वाजतो, गाडी गरम झाली की सगळं सुरळीत. माझी २००० सालची, पाच गिअरची. जुनं तेल काढून साधारण दोन लिटर ७५डब्ल्यू-९० जाडीचं सिंथेटिक, जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइल भरलं आणि पुढच्याच थंड सकाळी फरक हाताला कळला. इंजिन ऑइल वेळेवर बदलणारी माणसंसुद्धा गिअरबॉक्सकडे ढुंकून बघत नाहीत. त्यात फिल्टर नसतो. सिंक्रोच्या (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या भागाच्या) पितळी रिंगा झिजतात, तो चुरा वर्षानुवर्षं त्याच तेलात फिरतो. माझं ठाम मत: क्लच, सिंक्रो, कशालाही हात लावण्याआधी तेल बदला.

क्लच_आधी
असहमत. तेल बदलू नका असं म्हणत नाही, क्रम चुकतोय. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. बंद असताना अलगद पडतात, चालू केल्यावर अडतात आणि रिव्हर्स वाजतो, तर क्लच पुरता सुटत नाहीये. या गाडीचा क्लच स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणारा) गळतो हे मियाटावाल्यांत सर्वांना ठाऊक आहे. त्याचं रबर उचलून बघा, आत ओलं असेल तर रोग तिथेच आहे. अशा गाडीत महागातलं तेल ओतलं तरी प्रत्येक गिअरला सिंक्रो घासतच राहणार, आणि मालक मात्र ‘तेल बदललंय’ म्हणून निर्धास्त.

ॲनआर्बरकर
तपासणी बरोबर आहे, पण माझा मुद्दा थंडीतल्या अडण्याचा आहे. क्लच सुटत नसेल तर गाडी गरम झाल्यावरही अडेल ना? फक्त थंड असताना अडतो म्हणजे तेल घट्ट झालंय. सिंक्रोची रिंग गिअरच्या शंकूवर घासून दोघांचा वेग जुळवते. मधला तेलाचा थर निघून गेल्याशिवाय ती पकड घेत नाही, आणि घट्ट तेल लवकर निघत नाही.

तेलकट_हात
यात एक गोष्ट राहतेय. ‘जीएल-५ पितळ खातं’ असं जिथे तिथे वाचायला मिळतं. मझदाने या गिअरबॉक्ससाठी जीएल-४ आणि जीएल-५ दोन्ही चालतील असं म्हटलंय, त्यामुळे एकदा जीएल-५ भरलं म्हणून कुणी घाबरू नये. तरी मी जीएल-४च भरीन, आणि कारण वेगळं आहे. जीएल-५ मुळात मागच्या डिफरन्शियलसाठी (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरसंच). तिथे दात एकमेकांवर प्रचंड दाबाखाली सरकतात, म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जीएल-४च्या साधारण दुप्पट असतात. सिंक्रोला मात्र घर्षण लागतं. तेल फार निसरडं झालं की रिंग पकडायला वेळ लावते आणि आपण दांड्यावर जोर करत बसतो.

वळणवेडा
मग अजून पातळ, ७५डब्ल्यू-८० का नको? सकाळचा त्रास आणखी कमी होईल.

तेलकट_हात
रोज ऑफिसला नेत असाल तर चालेल. ट्रॅकवर नेणार असाल तर अजिबात नको. ‘७५डब्ल्यू’ हे थंडीतलं वागणं, ते दोन्हींत सारखं. मागचा आकडा गरम तेलाच्या जाडीचा. उन्हाळ्यात तासभर गाडी पिळल्यावर दातांमध्ये थर टिकायला हवा. सकाळच्या दोन मिनिटांच्या सुखासाठी मी तो सोडणार नाही.

क्लच_आधी
आणि दांड्याखालचं तेल? या पाच गिअरवाल्या मियाटात गिअरच्या दांड्याखाली वेगळी छोटी वाटी असते. तिच्यातलं तेल गिअरबॉक्सच्या तेलाबरोबर बदललं जात नाही. वरचं रबर फाटलं की वाटी कोरडी पडते, दांडा खरखरतो, शिवाय खालून गरम हवा आणि आवाज केबिनमध्ये येतो. ८०-९० मिलीचं काम. माझ्या मते ‘गिअर कडक आहे’ म्हणणाऱ्या निम्म्या लोकांना एवढंच करायला हवं. गिअरबॉक्सचं दोन लिटर तेल त्यानंतर बदला.

ॲनआर्बरकर
वाटीचं काम मीही करा म्हणेन, पण त्याने दुसऱ्या गिअरची खर्र जात नाही. दांड्याची खरखर आणि सिंक्रोची खर्र एकच नव्हे, हाताला वेगवेगळी कळते. मी तेलावरच ठाम आहे.

तेल काढणाऱ्यांना कळकळीची विनंती: आधी वरचा भरायचा प्लग सुटतोय का बघा, मगच खालचा उघडा. खालून सगळं काढलं आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागची हलणार नाही. गाडी चारही बाजूंनी सपाट उचला आणि भरायच्या भोकातून तेल ओघळेपर्यंत भरा.

क्लच_आधी
काढलेलं तेल फेकण्याआधी उजेडात धरा. खालच्या प्लगच्या चुंबकावर काळपट मऊ लगदा असेल तर तो नेहमीच्या झिजेचा. पितळ चुंबकाला चिकटत नाही, ते तेलातच पिवळं चमकतं. तसं खूप दिसलं तर रिंगा गेल्यात, कुठलंही तेल भरून त्या परत येणार नाहीत. तुमच्या तेलात काय दिसलं होतं?

ॲनआर्बरकर
लगदा भरपूर होता. पिवळं अगदी थोडं.