घराच्या नकाशाला किती पैसे धरलेत? (अनुभव धागा)

उंबरठा: दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर दसऱ्याला पायाभरणी करायची म्हणतोय. बांधकामाचा चौरस फुटाचा दर सगळेच सांगतात. नकाशाचं विचारलं की एक जण म्हणतो बांधकाम खर्चाच्या दोन टक्के धरा, दुसरा म्हणतो मिस्त्री फुकट काढून देईल. ज्यांनी बांधलंय त्यांनी लिहा.

नाशिककर: आधी विचारा, कोणता नकाशा? मंजुरीच्या नकाशात सामासिक अंतरं (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा), चटईक्षेत्र (एकूण किती बांधकाम ते), पार्किंग दिसतं. त्यावरून गवंड्याला दाराची चौकट कोपऱ्यापासून किती इंचांवर ठेवायची ते कळत नाही. त्यासाठी वर्किंग ड्रॉइंग लागतात आणि स्वस्त कोटेशनमध्ये ती हमखास नसतात. आरसीसी वेगळं, लाइट-नळाचं वेगळं, साइटवरची फेरी वेगळी, वर जीएसटी १८ टक्के. आम्ही तिघांची कोटेशनं घेतली. सगळ्यात कमी आकडा होता त्यात हे सगळं मिळवलं तर तोच महाग निघाला. काय काय मिळणार आणि किती वेळा बदल करून देणार, हे लेखी घ्या. पैसे टप्प्याटप्प्यानं द्या, शेवटचा हप्ता स्लॅब झाल्यावर.

काळीमाती (परभणी): आमच्याकडची जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. माती परीक्षणाचे पैसे नकाशाच्याच खात्यात धरले होते. अहवाल आला आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरनं पाया खाली नेला. तिथे खर्च वाढला, पण वरच्या सळईत बराच परत मिळाला. ड्रॉइंग नसलं की ठेकेदार भीतीपोटी सगळीकडे १६ एमएमची जाड सळई टाकतो. आमच्या कागदावर कुठे ८, कुठे १२, रिंगा किती अंतरावर, सगळं होतं. सळई त्याच हिशोबानं मागवली.

अण्णा_वाडीतले: सगळ्यांना आर्किटेक्ट लागतो असं काही नाही हो. दोन खोल्या, पडवी आणि वर कौलं असतील तर जुना मिस्त्री पुरतो. मात्र वर मजला चढवणार असाल तर इंजिनिअरचे पैसे वाचवू नका.

चिरा (रत्नागिरी): अण्णांना अर्धं अनुमोदन! भाऊ पुण्यात असतो, त्यानं तिकडूनच नकाशा करून आणला. आतल्या भिंती चार इंची. इथे भिंत चिऱ्याची (जांभा दगडाची), नऊ इंचाची. म्हणजे दर भिंतीला पाच इंच खोली गेली. न्हाणीघराचं दार उघडलं की कमोडला लागणार, हे गवंडी काकांनी जमिनीवर फक्कीनं (चुन्याच्या पुडीनं) आखणी केल्यावर दाखवलं. नकाशा पुन्हा काढावा लागला, त्याची फी निराळी. कोकणात बांधणार असाल तर चिऱ्यात काम केलेला माणूस बघा.

हिशेबी: ‘चौरस फुटाचा दर’ कशावर लावणार तेही नकाशावर लिहून घ्या. आमचा ठेकेदार स्लॅबचं क्षेत्र धरत होता, म्हणजे बाल्कनी, जिना, छज्जा सगळं आलं. नकाशातलं बिल्टअप (भिंतींसकट बांधलेलं क्षेत्र) त्याहून बरंच कमी होतं. सही करण्याआधी दोघांनी मिळून कागदावर मोजलं, म्हणून नंतर भांडण झालं नाही.

सही_शिक्का: मंजुरीला छाननी शुल्क, विकास शुल्क लागतं. शिवाय बांधकाम खर्चाच्या १ टक्का कामगार उपकर. स्वतःच्या राहत्या घराला खर्च ५० लाखांपर्यंत असेल तर तो लागत नाही (२०२५ पर्यंत ही मर्यादा १० लाख होती). हे आर्किटेक्टच्या फीमध्ये धरलेलं नसतं. कर्ज काढणार असाल तर मंजूर नकाशा आणि इंजिनिअरचं एस्टिमेट बँक मागतेच.

उंबरठा: सर्वांचे आभार. आमच्या आर्किटेक्टनं थ्रीडी इलेव्हेशनचे (घर बाहेरून कसं दिसेल त्या चित्राचे) वेगळे पैसे सांगितलेत. बायकोला हवंय, मला नकोय. करावं का?

नाशिककर: वहिनींना हवंय तर करा, पण नकाशा पक्का झाल्यावर. थ्रीडीत नारळाची झाडं आणि लाल गाडी फुकट असते, बाकी प्रत्येक बदलाला पैसे. त्याआधी सरकारी मोजणी करून घ्या. शेजाऱ्याचं कुंपण हातभर आत निघालं तर सामासिक अंतरासकट सगळंच परत काढावं लागेल.