सॉलिड स्टेट अ‍ॅम्पला स्वतःचा टोन असतो, की ती ट्यूबची नक्कल असते?

सहावी_तार:

एखाद्या सॉलिड स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या अ‍ॅम्पची स्तुती करायची झाली की गिटारवादक म्हणतात, ‘अगदी ट्यूबसारखा वाजतो.’ मला या स्तुतीचाच राग येतो, कारण तीत ट्यूबचा, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांच्या अ‍ॅम्पचा आवाज हा मूळ आणि बाकी सारे त्याच्या जवळ जाण्याचे प्रयत्न, असे गृहीत धरलेले असते. माझे म्हणणे असे आहे की उत्तम सॉलिड स्टेट अ‍ॅम्पना स्वतःचा टोन आहे आणि काही प्रकारच्या संगीताचा तर तोच मूळ आवाज आहे.

माझा सर्वांत आवडता अ‍ॅम्प रोलँडचा जेसी-१२० जॅझ कोरस. तो 1975 साली आला. त्यात बारा इंची दोन स्पीकर आहेत आणि प्रत्येकाला 60 वॅटचा स्वतंत्र पॉवर अ‍ॅम्प आहे. कोरस चालू केला की एका स्पीकरमधून गिटारचा मूळ आवाज येतो आणि दुसऱ्यातून तोच आवाज किंचित उशिरा, सुरात हलके हेलकावे खात येतो. म्हणजे दोन्हींचे मिश्रण सर्किटमध्ये न होता खोलीतल्या हवेत होते. म्हणूनच एकाच स्पीकरच्या अ‍ॅम्पपुढे कोरसचे पेडल ठेवून तो परिणाम साधत नाही. नववा स्वर मिळवलेला सहा तारांचा कॉर्ड जोरात छेडला तरी त्यातला प्रत्येक स्वर वेगळा ऐकू येतो. ‘द पोलिस’चे अँडी समर्स आणि ‘द क्युअर’चे रॉबर्ट स्मिथ यांचे वादन या स्वच्छतेवर उभे आहे. ‘मेटॅलिका’च्या जेम्स हेटफील्डसारख्या धारदार डिस्टॉर्शनसाठी (मुद्दाम फाटवलेल्या आवाजासाठी) ओळखल्या जाणाऱ्या वादकानेही क्लीन, म्हणजे न फाटलेल्या स्वच्छ आवाजाच्या भागांसाठी हाच अ‍ॅम्प निवडला. त्याचा आवाज थंड आहे, हे मान्य. पण तो थंडावाच त्या सर्वांना हवा होता.

दुसरे उदाहरण ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग यांचे. ‘उबदार’ टोनचा दाखला म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, त्या किंग यांनी अनेक वर्षे लॅब सीरीज एल-५ हा 100 वॅटचा सॉलिड स्टेट अ‍ॅम्प वापरला. तिसरे उदाहरण ‘पँटेरा’ या मेटल बँडच्या डाइमबॅग डॅरेलच्या रँडल या सॉलिड स्टेट अ‍ॅम्पचे. त्याच्या रिफमधली कापून काढल्यासारखी कड ट्रान्झिस्टरचीच आहे.

निर्वात:

आपली उदाहरणे खरी आहेत; निष्कर्ष मात्र त्यांतून निघत नाही. हेटफील्ड यांनी क्लीन भागांसाठी जॅझ कोरस घेतला, पण ज्या डिस्टॉर्शनसाठी ते ओळखले जातात ते ट्यूब अ‍ॅम्पवरच उभे राहिले, ही बाब आपण हळूच बाजूला ठेवलीत. बी. बी. किंग यांच्या बोटांतला कंप तर कोणत्याही अ‍ॅम्पमधून गायला असता. अपवादात्मक वादकांच्या हातातले साधन सामान्य वादकाच्या हातात कसे वागते, हा खरा प्रश्न आहे.

मला ट्यूब अ‍ॅम्प प्रिय आहे तो त्याच्या क्लीन टोनसाठी नव्हे आणि पूर्ण डिस्टॉर्शनसाठीही नव्हे, तर या दोहोंमधल्या अरुंद पट्ट्यासाठी. हलके छेडले तर स्वर स्वच्छ येतो, पिक जरा जोरात मारली तर त्याला खरखरीत कड येते, आणि गिटारवरचा व्हॉल्यूम दहावरून सहावर आणला की सारे पुन्हा निवळते. हा बदल उतारासारखा असतो. मी वाजवून पाहिलेल्या बहुतेक सॉलिड स्टेट अ‍ॅम्पमध्ये त्या जागी भिंत होती. सिग्नल एका मर्यादेपर्यंत निर्मळ राहतो आणि ती ओलांडताच फाटतो. आणि जॅझ कोरसच्या डिस्टॉर्शनच्या बटणाचे काय? तो अ‍ॅम्प बाळगणारे अनेक वादक मला माहीत आहेत. ते बटण वापरणारा मला अजून भेटलेला नाही.

सोल्डरवाला:

मी अ‍ॅम्प दुरुस्त करतो, त्यामुळे दोन्ही बाजूंची यंत्रे उघडलेल्या अवस्थेत पाहत असतो. आपण दोघेही ज्याला ‘ट्रान्झिस्टरचा आवाज’ म्हणत आहात, त्यातले पुष्कळसे गुणदोष ट्रान्झिस्टरचे नसून भोवतालच्या आराखड्याचे आहेत.

गिटारच्या स्पीकरचा इम्पिडन्स (विद्युतप्रवाहाला होणारा विरोध) आठ ओहम लिहिलेला असला, तरी प्रत्यक्षात तो कंपनसंख्येनुसार बदलतो. खर्जात, साधारण 75 ते 110 हर्ट्झच्या दरम्यान, स्पीकरच्या अनुनादापाशी तो उसळतो आणि वरच्या पट्टीत कॉइलच्या गुणधर्मामुळे पुन्हा चढत जातो. ट्यूब अ‍ॅम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स बराच असल्याने तो या चढउतारांच्या मागे जातो, म्हणजे खर्ज फुगतो आणि तारस्वर उजळतो. घरगुती हाय-फायच्या तत्त्वावर बांधलेला ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प मात्र स्पीकरला घट्ट धरून ठेवतो आणि आवाज सपाट, कोरडा येतो. ‘जीव नाही’ अशी तक्रार बहुधा इथूनच जन्मते. यावर उपायही जुना आहे. स्पीकरमधून वाहणाऱ्या प्रवाहाचा थोडा अंश फीडबॅक म्हणून परत दिला की अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स वाढतो. ही युक्ती वापरलेला अ‍ॅम्प आणि न वापरलेला अ‍ॅम्प एकाच कॅबिनेटवर ऐकवला, तर अनेकजण पहिल्याला ट्यूब समजतील, असा माझा अनुभव आहे.

बदनामीचे दुसरे कारण ऐतिहासिक आहे. फेंडरने 1966 साली सॉलिड स्टेट अ‍ॅम्पची मालिका बाजारात आणली आणि ती सपशेल पडली. उष्णता आणि शॉर्ट सर्किट यांपासून ट्रान्झिस्टरना वाचवण्याचे तंत्र तेव्हा कच्चे होते. शिवाय मर्यादेपलीकडे ढकलल्यावर अ‍ॅम्प कसा वाजेल, याचा विचार आराखड्यात फारसा नव्हता, आणि गिटारवादक तर नेमके तेच करतो. तरीही त्याच दशकातल्या कस्टम कंपनीच्या गुबगुबीत गादीसारखे आवरण असलेल्या सॉलिड स्टेट अ‍ॅम्पवर जॉन फोगर्टी यांनी क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलचा आवाज घडवला. म्हणजे तेव्हाही ते अशक्य नव्हते.

निर्वात यांच्या भिंतीबद्दल एक गोष्ट सांगतो, ती त्यांना आवडणार नाही. मार्शलच्या जेसीएम-८०० मालिकेतल्या दोन चॅनेलच्या अ‍ॅम्पमध्ये आणि पुढे जेसीएम-९०० च्या ड्युअल रिव्हर्बमध्ये डिस्टॉर्शनचा काही भाग डायोड लावून मिळवलेला आहे. ट्यूब अ‍ॅम्पपुढे ट्यूब स्क्रीमर ठेवणारे वादक तर असंख्य आहेत; त्या पेडलच्या नावात ट्यूब आहे, पोटात मात्र ऑप-अँप ही चिप आणि सिलिकॉन डायोड, म्हणजे सारे सेमीकंडक्टर. ज्यांना आपण शुद्ध ट्यूबचा टोन म्हणून गौरवतो, अशा कित्येक ध्वनिमुद्रणांत सेमीकंडक्टर आधीच घुसलेला आहे.

पाठदुखी:

मी जॅझ वाजवते. माझ्या प्रकारात डिस्टॉर्शनचा प्रश्नच उद्भवत नसल्याने या वादातला अर्धा भाग मला लागू होत नाही. जो पास यांच्यासह कितीतरी जॅझवादकांनी पॉलिटोनचे छोटे सॉलिड स्टेट अ‍ॅम्प पसंत केले, कारण पोकळ गिटारचा लाकडी, गोल स्वर त्यांतून फारशी भर न पडता बाहेर येतो. तारस्वर कमी करून ठेवले की पिकचा खटका विरतो आणि कॉर्डमधले आतले स्वर स्पष्ट राहतात. तिथे ट्यूबची ‘ऊब’ मला गढूळ वाटते.

एक दुरुस्ती मात्र सुचवते. सॉलिड स्टेट म्हणजे हलका, असे मानण्याची पद्धत आहे. ज्यांनी जेसी-१२० जिन्यावरून वर नेलेला आहे, ते असे कधीही म्हणणार नाहीत. त्याचे वजन 28 किलोच्या आसपास आहे आणि माझ्या टोपणनावामागे तोच आहे.

निर्वात:

सोल्डरवाला यांचे डायोडचे उदाहरण मला ठाऊक होते आणि ते आवडले नाही, हेही खरे. परंतु त्या डायोडनंतर सिग्नल पॉवर ट्यूब आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर यांतून जातो, आणि अ‍ॅम्प जोरात चालवला तर तिथे त्याच्या कडा पुन्हा घासल्या जातात. ट्यूब रेक्टिफायर (एसी विजेचे डीसी करणारी ट्यूब) असलेल्या अ‍ॅम्पमध्ये मोठा कॉर्ड मारल्यावर वीजपुरवठ्याचा दाब (व्होल्टेज) क्षणभर खाली येतो आणि स्वर दबून मग फुलतो. हा श्वास आपल्या फीडबॅकच्या युक्तीने मिळतो का? शिवाय 100 वॅटचा सॉलिड स्टेट अ‍ॅम्प ड्रमपुढे दबतो आणि 50 वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प दबत नाही, हा अनुभव अनेकांचा आहे. त्याचे उत्तर काय?

सोल्डरवाला:

श्वासाबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे. प्रवाहाच्या फीडबॅकने तो मिळत नाही. त्यासाठी वेगळे सर्किट लागते आणि ते करणारे थोडे आहेत.

वॅटचे मात्र गूढ नाही. शक्ती दुप्पट केली तर आवाज केवळ 3 डेसिबलने वाढतो; दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट शक्ती लागते. त्यामुळे 50 आणि 100 यांत मुळातच फारसे अंतर नाही. त्यात ट्यूब अ‍ॅम्प मर्यादेपलीकडे ढकलूनही वादक खूश असतो, म्हणून तो छापील आकड्याहून अधिक शक्ती वापरतो. सॉलिड स्टेट अ‍ॅम्प फाटण्याआधीच थांबवावा लागतो, म्हणून त्याची वरची शक्ती न वापरता राहते. आणखी एक चूक मी वारंवार पाहतो. चार ओहमवर 100 वॅट देणारा सॉलिड स्टेट अ‍ॅम्प आठ ओहमच्या कॅबिनेटला जोडला जातो, तिथे तो जवळजवळ निम्मीच शक्ती देतो आणि मग दोष ट्रान्झिस्टरला लावला जातो. ट्यूब अ‍ॅम्पमध्ये ट्रान्सफॉर्मरवर वेगवेगळे टॅप असल्याने हा तोटा होत नाही.

शून्य_एक:

हा सारा वाद कालबाह्य आहे, असे मला नम्रपणे वाटते. डिजिटल मॉडेलिंगमध्ये, म्हणजे संगणकीय प्रतिकृतीत, हवा तो अ‍ॅम्प निवडता येतो, तो श्वासही त्यात असतो, आणि पॉवर अ‍ॅम्प सॉलिड स्टेट आहे की नाही याकडे कोणी पाहतही नाही.

सहावी_तार:

शून्य_एक, आपल्या मॉडेलिंगच्या यादीत जॅझ कोरसची प्रतिकृती असते ना? नकलेची नक्कल करण्याचे कष्ट कोणी घेत नाही. लोकांना तो आवाज हवा आहे म्हणून तो यादीत आहे.

निर्वात यांच्या मधल्या पट्ट्याबद्दल मी इतकेच म्हणेन की जॅझ कोरसपुढे चांगले ओव्हरड्राइव्ह पेडल ठेवून, अ‍ॅम्पवरचा ब्राइट स्विच बंद करून आणि ट्रेबल बराच खाली आणून पाहावे. डिस्टॉर्शनच्या त्या बटणाची बाजू घेण्याचा माझा इरादा नाही. ते मीही वापरत नाही.

निर्वात:

हे मी केलेले आहे. ट्रेबल तीनवर आणि मिडल सातवर ठेवल्यावर पेडलचा कर्कशपणा खरोखर जातो आणि सोलो सुरेख वाजतो, हे प्रामाणिकपणे सांगतो. गिटारचा व्हॉल्यूम सहावर आणला की पेडल स्वच्छही होते. पण पेडलच्या कर्कशपणासाठी उतरवलेला ट्रेबल आता क्लीन टोनलाही भोवतो, आणि ज्या लखलखीत आवाजासाठी आपण हा अ‍ॅम्प सुचवलात तोच नेमका झाकोळतो. मग वाजवता वाजवता अ‍ॅम्पकडे वळून ट्रेबल चढवावा लागतो, आणि तोवर गाण्यातली ती ओळ निघून गेलेली असते.