दोन सीटर कूपेच्या डिकीतल्या कोपऱ्यात १० इंची सबवूफर : खोकं फायबरग्लासचं करावं का आणि किती लिटरचं?

प्रश्न : डावा_कोपरा

गाडी दोन सीटर कूपे, मागचं दार काचेसकट वर उघडणारं. डिकी उथळ आहे आणि सामानाची जागा घालवायची नाही. डाव्या चाकाच्या कमानीमागे एक खोलगट कोपरा आहे, त्यात साच्यासारखं बसणारं खोकं करायचं आहे. पुठ्ठा लावून ढोबळ मोजलं तर कोपरा २४ लिटर भरतो.

सबवूफर (खालच्या सुरांचा स्पीकर) १० इंची, ३०० वॉट आरएमएस (सतत पेलणारी ताकद), दोन कॉइल २-२ ओहमच्या. एफएस (मोकळ्या सबवूफरची स्वतःची वारंवारता) ३० हर्ट्झ, क्यूटीएस (त्याचं घुमणं किती दाबलं जातं त्याचा आकडा) ०.४५, व्हीएएस (त्याच्या लवचिकपणाइतक्या हवेचं आकारमान) ३० लिटर, स्वतः १.८ लिटर जागा खातो. अँप्लिफायर मोनो क्लास डी : ४ ओहमला ३०० वॉट, २ ओहमला ५००. बॅटरी पुढे आहे.

विचारायचं ते असं : बंद खोकं की पोर्टवालं (हवेसाठी पाइप असलेलं)? २४ लिटर पुरेल का? फायबरग्लासची भिंत किती जाड हवी? आणि कॉइल समांतर जोडल्या तर पूर्ण ५०० वॉट मिळतील ना?

उत्तर : लिटरमोजणी

शेवटचं आधी, कारण त्यात अँप्लिफायर जाईल. २-२ ओहमच्या कॉइल समांतर जोडल्या की १ ओहम होतो, २ नाही. तुमचा अँप्लिफायर २ ओहमपर्यंतच आहे, तो प्रोटेक्शनमध्ये जाईल (स्वतःला वाचवायला बंद पडेल) किंवा जळेल. एकामागे एक जोडा : पहिल्या कॉइलचा ऋण दुसऱ्या कॉइलच्या धनाला, उरलेली दोन टोकं अँप्लिफायरला. ४ ओहम, ३०० वॉट. सबवूफरही तेवढाच मागतो.

आता लिटर. २४ लिटर हा कोपऱ्याचा आकडा झाला, खोक्याच्या आतल्या हवेचा नव्हे. आतून साधारण अर्धा चौरस मीटर पृष्ठभाग आणि ७ मिमी भिंत धरली तर नुसती भिंतच ३.५ लिटर खाते. हे जवळजवळ सगळे विसरतात. त्यात सबवूफरचे १.८ आणि आतल्या आधारपट्ट्यांचे ०.७ घाला. उरले १८ लिटर.

बंद खोक्याचं गणित सोपं आहे : व्हीएएस भागिले खोक्याचे लिटर, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा, क्यूटीएसने गुणा. १८ लिटरला क्यूटीसी, म्हणजे खोक्यात बसवल्यावरचा क्यूटीएस, ०.७३ येतो. त्याच वर्गमूळाने एफएसला गुणलं की खोक्याची वारंवारता ४९ हर्ट्झ. २० लिटरला ०.७१ आणि ४७ हर्ट्झ. १२ लिटरवर आलात तर ०.८४ आणि ५६ हर्ट्झ, म्हणजे एकाच सुरावर घुमणारा, फुगीर बास. १८ छान आहे. आत पॉलिस्टर फायबरचा कापूस २०० ग्रॅम मोकळा पिंजून भरलात तर हवेचं आकारमान थोडं वाढल्यासारखं होतं. दाबून भरू नका, आणि चुंबकाच्या मागच्या छिद्रासमोर अजिबात नको.

पोर्ट विसरा. २० लिटरचं खोकं ३५ हर्ट्झला जुळवायचं तर १० सेंमी व्यासाचा पाइप जवळजवळ ८९ सेंमी लांब लागतो. ७.५ सेंमीचा घेतला तर लांबी ४९ सेंमीवर येते, पण तेवढ्या तोंडातून १० इंची कोनची (सबवूफरच्या हलणाऱ्या शंकूची) हवा सुसाटत जाते आणि फूफू ऐकू येतं. दोन्ही पाइप त्या कोपऱ्यात मावत नाहीत.

शिवाय लहान गाडीत पोर्टची गरजही कमी. केबिनची सर्वांत लांब बाजू २.५ मीटर असेल तर तीत अर्धी तरंगलांबी बसते ६८-६९ हर्ट्झला. त्याखाली कोन सगळ्या केबिनची हवाच दाबतो, आणि तत्त्वतः दर सप्तकाला १२ डेसिबल फुकट मिळतात. पत्रा, काचा, दारं हलतात म्हणून प्रत्यक्षात कमी. बंद खोक्याचा आवाज खालच्या सुरांत नेमका तेवढ्याच उताराने कमी होतो. चढ आणि उतार बऱ्यापैकी फिटतात. छत उघडणारी गाडी असती तर हा हिशेब छत उघडताच कोसळला असता.

उत्तर : काचतंतू

लिटरचं पटलं. आता हाताचं काम.

सगळ्यात आधी कोपऱ्याचं तोंड बघा. तोंड लहान आणि पोट मोठं असेल तर कडक झालेला साचा बाहेर निघणारच नाही, गाडीतच कापावा लागेल. पुठ्ठ्याचा तोच आकार न दुमडता बाहेर काढून पाहा. अडकला तर पोटाच्या बाजूने जागा सोडा, दोन लिटर गेले तरी चालतील. अस्तराचं पॅनेल परत बसायचं असेल तर तिथे ३-४ मिमी फट राखा. केबिनची हवा बाहेर जाण्याची जाळी बऱ्याच गाड्यांत ह्याच कोपऱ्यात, बंपरच्या आड असते. ती बुजवली तर दार बंद करताना जोर लागतो आणि काचांवर वाफ धरते.

मास्किंग टेपचे दोन-तीन थर, एकावर एक आडवे-उभे. त्यावर अॅल्युमिनियमची फॉइल, वर साच्याचं मेण. बाकी डिकी आणि सीट प्लास्टिकने झाका. रेझिनचा एक थेंब गालिच्यावर पडला की तो कायमचा.

मॅट (काचतंतूंची चटई) चौरस मीटरला ४५० ग्रॅमची, पॉलिस्टर रेझिन. मॅट कात्रीने न कापता हाताने फाडा. फाटलेल्या कडा एकमेकींत मिसळतात, कापलेल्या कडांचे उंचवटे राहतात. एका वेळी अर्धा किलोच रेझिन कालवा, त्यात ७-८ ग्रॅम हार्डनर, म्हणजे दीड टक्का. २५ अंशांना काम करायला साधारण १५-२० मिनिटं मिळतात. उकाडा असेल तर हार्डनर १ टक्क्यापर्यंत उतरवा, त्याखाली नको. १५ अंशांखाली हे काम करूच नका, अर्धवट कडक होऊन बसतं.

गाडीत फक्त दोन थर. ब्रशने थापटून भिजवा, ओढू नका, मग खाचांच्या रोलरने हवेचे पांढरे बुडबुडे बाहेर काढा. एक दिवस तसंच ठेवून मग काढा. घाईने ओढलं तर साचा पिळतो आणि परत त्या जागी बसत नाही. बाकीचे पाच थर बाहेर, एका वेळी दोन किंवा तीन. सगळे एकदम दिले तर रेझिन स्वतःच्या उष्णतेने तापून वाकतं. मध्ये दिवस गेला तर ८० नंबरच्या कागदाने घासून पुढचा थर. एक थर साधारण १ मिमी होतो, म्हणून सात थरांना ७ मिमी.

पृष्ठभाग चिकट राहिला म्हणून घाबरू नका. साधं रेझिन हवेच्या संपर्कात वरून चिकटच राहतं, अॅसिटोनने पुसा आणि मग घासा. नख दाबल्यावर आत खड्डा पडत असेल तर मात्र हार्डनर कमी पडलं आहे. तो थर खरवडून काढावा लागतो, वरून दुसरा देऊन तो सुधारत नाही.

तोंडाच्या बाजूला सबवूफर बसायला १८ मिमी एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुश्याच्या फळीच्या) दोन कड्या, एकमेकींवर चिकटवून ३६ मिमी. कडी चार लाकडी काड्यांवर हवी त्या कोनात उभी करा, चुंबकामागे निदान २५ मिमी मोकळी जागा सोडा. वरून फ्लीसचं कापड ताणून कडीच्या काठाला स्टेपल मारा, साच्याच्या ओठावरही. सुरकुती राहिली तर ती पुढे पुट्टी खाते. कापड पातळ रेझिनने आरपार भिजवा.

आणि इथेच बहुतेक खोकी फसतात. भिजून कडक झालेलं फ्लीस दगडासारखं वाटतं, पण ते नुसतं कवच असतं, ३०० वॉटवर ते श्वास घेतल्यासारखं आत-बाहेर हलतं. आतून, सबवूफरच्या भोकातून हात घालून, मॅटचे निदान चार थर द्या. कापड आणि साच्याच्या सांध्यात मॅट पोचत नाही. तिथे रेझिन, पुट्टी आणि बारीक कापलेले काचतंतू कालवून ओता आणि खोकं फिरवत राहा, म्हणजे ते सांध्यात जाऊन बसतं. सपाट भाग सगळ्यात जास्त थरथरतो, वक्र भाग आपोआप ताठ असतो. सपाटीवर आतून लाकडी पट्टी आडवी चिकटवून तिच्यावरून मॅट न्या.

साहित्य : मॅट दीड किलो, रेझिन ४ किलो धरा, वाया जाणारं धरून.

श्वासासाठी सेंद्रिय वाफेचा फिल्टर असलेला मास्क हवा, कापडी नाही. हार्डनर डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते, चष्मा लावाच. कोबाल्टचा प्रवेगक वेगळा मिळाला असेल तर तो आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळा, मग हार्डनर. ते दोन थेट एकत्र आले तर स्फोट होतो.

डावा_कोपरा

दोन शंका. फायबरग्लास हलकं पडतं ना? स्पोर्ट्स कार आहे, वजन नको आहे. आणि खाली एक्झॉस्ट जातो, तिथे पत्रा तापतो. इपॉक्सी वापरू का?

उत्तर : लिटरमोजणी

हलकं हा गैरसमज. ७ मिमी मॅटचा थर चौरस मीटरला १० किलोच्या आसपास जातो, १२ मिमी बर्च प्लायवूड साधारण ८ किलो, १८ मिमी एमडीएफ साडेतेरा. फायबरग्लास आकारासाठी घ्यायचं, वजनासाठी नाही. सरळ बाजू जिथे शक्य तिथे १२ मिमी प्लाय लावा आणि फक्त वाकडा भाग साच्याचा करा, पण फार तर अर्धा किलो वाचेल.

उत्तर : काचतंतू

साधं पॉलिस्टर ६०-७० अंशांच्या आसपास नरम पडू लागतं. तिथे पत्रा आणि खोकं यांत १० मिमी हवेची फट आणि उष्णतारोधक फॉइल द्या. इपॉक्सी चालेल, पण मग ही मॅट चालणार नाही. तिचे तंतू धरून ठेवणारा चिकटा पॉलिस्टरमधल्या स्टायरिनने विरघळतो, इपॉक्सीत तो तसाच राहून मॅट ताठ आणि कोरडी राहते. इपॉक्सीला विणलेलं कापड घ्या. साधं खोलीच्या तापमानाचं इपॉक्सीसुद्धा उष्णतेत फार पुढे नसतं, म्हणून फट दोन्हीला हवीच.

उत्तर : जाडवायर

बसवण्याबद्दल कुणी बोललं नाही, आणि दोन सीटर गाडीत ते सगळ्यात आधी यायला हवं. तुमच्या आणि खोक्याच्या मध्ये मागचं सीट नाही. सबवूफरसकट १४ किलो झालं तर २० जीच्या (गुरुत्वाच्या वीसपट) धडकेत ते २८० किलोचा भार देतं. पत्र्यात मारलेले स्क्रू तिथे उपटून येतात. गाडीत आधीपासून असलेल्या बोल्टच्या जागा वापरा, एम८ बोल्ट, मागून मोठ्या पोलादी पट्ट्या. खोक्याच्या बाजूने बोल्टची पट्टी मॅटच्या थरांमध्ये गाडा, वरून चिकटवू नका. नवं भोक पाडायचं तर खाली इंधनाची टाकी आणि ब्रेकची नळी कुठे आहे ते आधी हाताने चाचपा.

सबवूफर लाकडी स्क्रूने आवळू नका, दोनदा काढला की एमडीएफची वीण सैल होते. एम५ चे धातूचे आटे कडीत बसवा, आठ. फोमची गॅस्केट. वायरसाठी तयार प्लास्टिकची वाटी टाळा, गळतीचं घर आहे ते. दोन पितळी एम६ बोल्ट भिंतीतून आरपार काढून भोवती इपॉक्सी. गळती तपासायला सांध्यांना साबणाचं पाणी लावा आणि ३० हर्ट्झचा सूर हळू आवाजात वाजवा, बुडबुडे येतील तिथे भोक.

करंट : ३०० वॉट, ८० टक्के कार्यक्षमता, १३.८ व्होल्ट, म्हणजे २७ अँपियर. चार मीटर लांबीला १६ चौरस मिमी शुद्ध तांब्याची वायर घेतली तर ०.१३ व्होल्टपेक्षा जास्त गळत नाही. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर तेवढ्याच जाडीला सुमारे दीडपट रोध देते. फ्यूज ४० अँपियरचा, बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत. तो वायरसाठी असतो, अँप्लिफायरसाठी नाही. अर्थिंगला रंग खरवडून उघडा पत्रा, तितकीच जाड वायर, ४५ सेंमीपेक्षा आखूड.

गेन (अँप्लिफायर आवाज किती वाढवतो ते) कानाने लावू नका. सबवूफर सोडवा, इक्वलायझर सपाट करा, ५० हर्ट्झचा ० डेसिबलचा सूर वाजवा, हेड युनिटचा आवाज जिथे फाटत नाही तिथे ठेवा आणि मल्टिमीटर एसीवर लावून टोकांना ३४.६ व्होल्ट येईपर्यंत गेन वाढवा. ३०० गुणिले ४, त्याचं वर्गमूळ. त्यापुढे नाही.

लो-पास (फक्त खालचे सूर जाऊ देणारी चाळणी) ८० हर्ट्झवर ठेवा. मग ६० ते ८० हर्ट्झचे सूर वाजवत सबवूफरच्या दोन वायरी उलटसुलट करून पाहा. चालकाच्या सीटवर ज्या जोडणीत बास भरीव येतो ती ठेवा. खोकं मागे डावीकडे आणि दारातले स्पीकर पुढे असल्याने कागदावरची बरोबर जोडणी प्रत्यक्षात चुकीची निघू शकते.